एक पाणी, चार कायदे

कोराडीला माणसं दोनच कारणांनी जातात. देवी, नाहीतर वीज. नवरात्रात जगदंबेच्या दर्शनाला अख्खं नागपूर लोटतं आणि उरलेलं वर्ष शिफ्टवाले ये-जा करत राहतात. मी गेले ते तिसऱ्याच कारणाने. मासा!

निमित्त झालं शुक्रवारच्या जेवणाच्या बेताचं. मेन्यू कार्डवर 'ग्रिल्ड सी बास' दिसला आणि टेबलावर वाद पेटला. एकाने ठासून सांगितलं की सी बास पकडायला बंदी आहे, नेटवर वाचलंय. दुसरी म्हणाली, ती बंदी विलायतेत, आपल्याकडे काय वाट्टेल ते पकडा. तिसरा आमचा वीकएंड-वीर. त्याने नवीनच फिशिंग रॉड घेतलाय. तो म्हणाला, "सी बासचं सोडा यार. रविवारी आपण कोराडीच्या तळ्यावर गळ टाकून बसलो, तर कोणी पकडेल का?"

कोणाकडेच उत्तर नव्हतं. आपण शिकली-सवरलेली माणसं. टॅक्स रिटर्न ऑनलाइन भरतो, सिग्नल तोडला तर दंड किती हे पाठ असतं. पण ताटातला मासा कायद्याने तिथपर्यंत पोचलाय की नाही, याचा पत्ता नाही. म्हटलं, चला, सुरुवात कोराडीपासूनच करू. मग कागदपत्रं चाळत गेले आणि गंमत कळली. कोराडीच्या तळ्यात जे पाणी येतं, तेच पाणी उगमाकडून समुद्राकडे जाताना चार वेळा कायदा बदलतं. मासा तोच, पाणी तेच. नियम मात्र दर टप्प्यावर वेगळा.

देवी, तळं आणि चिमण्या

मानकापूर, झिंगाबाई टाकळी, कोराडी नाका असं करत छिंदवाड्याच्या दिशेने निघालं की साधारण पंधरा किलोमीटरवर कोराडी. गावाच्या आधी चिमण्याच दिसायला लागतात. चिवचिवाट करणाऱ्या नव्हेत, धूर सोडणाऱ्या. औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच इथे १९७४ साली सुरू झाला. जुने संच हळूहळू म्हातारे झाले आणि २०१५ ते २०१७ या काळात ६६० मेगावॅटचे तीन नवे धिप्पाड संच उभे राहिले. तुमच्या-माझ्या घरातला एसी कदाचित इथल्याच विजेवर घरघरत असेल.

चिमण्यांच्या पलीकडे तळं आणि तळ्याच्या काठी महालक्ष्मी जगदंबेचं देऊळ. आख्यायिका अशी की झोलन नावाच्या राजाला सात मुलगे होते, पण मुलगी नव्हती. त्याने यज्ञ केला आणि देवीच मुलीच्या रूपाने प्रकट झाली. भक्त सांगतात, ती सकाळी बालिका दिसते, दुपारी तरुणी आणि संध्याकाळी प्रौढा. मंदिर परिसरात आता रामायण सांस्कृतिक केंद्रही आहे. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. एकंदरीत फॅमिली आउटिंगला मस्त जागा. संध्याकाळी पाण्यावर तिरपं ऊन पडतं तेव्हा एका बाजूला कळस आणि दुसऱ्या बाजूला धुराडी, असा फोटो नागपूरशिवाय कुठे मिळणार?

पण हे तळं नुसतं शोभेचं नाही. कोळसा जाळून वाफ करायची, वाफेवर टर्बाइन फिरवायचं आणि मग सगळं थंड करायचं, या खटाटोपाला पाणी प्रचंड लागतं. ते येतं पेंच प्रकल्पातून. शिवाय शहराचं सांडपाणी भांडेवाडीत शुद्ध करून तेही इकडे आणलं जातं. म्हणजे तुम्ही सकाळी अंघोळीला वापरलेलं पाणी फिरून वीज करायला कामी येतं. सॉलिड आहे ना?

तर आमच्या रॉडवाल्या मित्राच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर इथेच मिळतं. तळं सगळ्यांना दिसतं म्हणून ते सगळ्यांचं नसतं. मोकळ्या नदीत पोहणारा मासा पकडला जाईपर्यंत कोणाचाच नसतो, असं आपला फौजदारी कायदा जुन्या काळापासून मानत आला आहे. पण बंदिस्त तळ्यात किंवा हौदात अडवून ठेवलेला मासा हा मालकाच्या ताब्यातली वस्तू. न विचारता काढला, तर ती सरळ चोरी. पूर्वी भारतीय दंड विधान होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आहे. तत्त्व तेच. आणि वीज केंद्राच्या आवारात हुंदडणं हा तर सिक्युरिटीचा वेगळाच मामला. म्हणून गळ काढण्याआधी पाण्याचा धनी कोण ते शोधायचं आणि परवानगी मागायची.

बास की बासा?

आता मेन्यू कार्डवरचा घोळ. आपल्याकडे 'सी बास' म्हणून जो अस्सल मासा मिळतो तो म्हणजे आपला जिताडा. रायगडच्या खारेपाटात, पेण-अलिबागकडे, जिताडा म्हणजे जीव की प्राण. खाडीतली पिल्लं आणून गावतळ्यात सोडायची आणि वर्ष-दोन वर्षं वाढवायची, ही तिथली जुनी रीत. बंगाली शेजारी असतील तर त्यांना विचारा. ते याच माशाला भेटकी म्हणतात आणि नुसत्या नावाने त्यांचे डोळे चमकतात. ऑस्ट्रेलियात हाच मासा बॅरामुंडी.

'बासा' हा मात्र पूर्ण वेगळा प्राणी. तो व्हिएतनामकडचा पंगास जातीचा मासा. शेततळ्यात झटपट वाढतो, काटे कमी, वास कमी आणि भावही कमी. दोन्ही नावांत एका कान्याचा फरक, बिलात मात्र बराच. बासा खाण्यात काही गैर नाही. पण बासा वाढून सी बासचे पैसे घेणं ही ग्राहकाची फसवणूक आहे आणि २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यातही ते बसत नाही. तेव्हा वेटरला खुशाल विचारा, "भाऊ, बास आहे की बासा?" लाजायचं काय त्यात?

आणि अस्सल असला तरी तो दरवेळी समुद्रातूनच येतो असं नाही. चेन्नईच्या निमखारे पाणी मत्स्यशेती संस्थेने, म्हणजे 'सिबा'ने, १९९७ साली जिताड्याचं बंदिस्त टाकीत प्रजनन करून दाखवलं. तेव्हापासून हॅचरीतलं बीज आणून जिताडा वाढवणारे शेतकरी किनाऱ्यावर तयार झाले. असा मासा शेतीच्या पिकासारखा. समुद्रातल्या मासेमारीचे नियम जंगली माशासाठी असतात, तळ्यात पाळलेल्यासाठी नाही. म्हणून 'सी बासवर बंदी आहे का' या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही. आधी विचारायचं, कुठल्या पाण्यातला?

पाण्याचा विषय निघालाच आहे, तर कोराडीचं पाणी जिथून येतं तिथे जाऊ.

कायदा पहिला : वाघाचं पाणी

कोराडीहून उत्तरेला नवेगाव खैरीचं धरण. त्याच्याही वर, जंगलात, रामटेक तालुक्यातलं तोतलाडोह. पेंच नदीवरचं हे धरण महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश दोघांचं. इथे १६० मेगावॅटचं जलविद्युत केंद्र आहे आणि त्याच्या विजेचे दोन हिस्से मध्य प्रदेशाला, एक महाराष्ट्राला. धरणाचा फुगवटा पसरला आहे तो नेमका पेंच राष्ट्रीय उद्यानाच्या पोटात. अलीकडे महाराष्ट्राचं उद्यान, १९७५ सालचं, सुमारे २५७ चौरस किलोमीटरचं. पलीकडे मध्य प्रदेशचं. जिप्सीतून वाघ बघायला आपण सिल्लारी गेटने आत जातो तेव्हा हे पाणी लांबून चमकताना दिसतं. 'वॉव' म्हणतो आणि पुढे निघतो.

याच पाण्यातल्या माशावरून एक खटला थेट सुप्रीम कोर्टात गेला होता. १९९६ साली मध्य प्रदेशने ३०५ आदिवासी कुटुंबांना तोतलाडोहात मासे पकडायचे परवाने दिले. ही माणसं पूर्वी उद्यानाच्या हद्दीतच राहायची. गावं उठली, शेती गेली, जंगलात जाणं बंद झालं. पाणी तेवढं समोर उरलं होतं. पर्यावरणाचं काम करणाऱ्या वकिलांच्या एका संस्थेने या परवान्यांना आव्हान दिलं. त्यांचा मुद्दाही बिनबुडाचा नव्हता. राष्ट्रीय उद्यानात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार नाही, चराई नाही, काहीच बाहेर काढायचं नाही. मासाही वन्यजीवच. शिवाय तो मगरीचं आणि पाणमांजराचं जेवण. मासेमारीच्या नावाखाली होड्या, चुली, मुक्काम असं सगळं वाघाच्या घरात शिरणार. मग राखायचं काय?

मार्च १९९७ मध्ये निकाल आला. कोर्टाने परवाने सरसकट रद्द केले नाहीत. उद्यानाची प्राथमिक अधिसूचना १९८३ सालीच निघाली होती, पण लोकांचे हक्क तपासून काढायची अंतिम अधिसूचना राहून गेली होती. ती आधी काढा, असं कोर्टाने सरकारला बजावलं. या लोकांना बाहेर ठेवायचं तर त्यांच्या पोटाची पर्यायी सोय करावी लागेल, हेही सांगितलं. तोवर मासेमारी चालेल, पण अटींवर. प्रत्येकाला फोटोचं ओळखपत्र. परवाना दुसऱ्याला द्यायचा नाही. बेटांवर आणि उद्यानाच्या इतर भागांत पाय ठेवायचा नाही. काठावर चूल पेटवायची नाही. रोज किती मासा निघाला त्याची नोंद ठेवायची.

मला हा निकाल वाचताना एक गोष्ट खटकली आणि एक पटली. खटकलं ते हे, की एका धरणाने आधी या माणसांचं गाव घेतलं आणि नंतर त्यांनी त्याच धरणाच्या पाण्यात जाळं टाकायचं तर गळ्यात ओळखपत्र अडकवून. पटलं ते हे, की कोर्टाने वाघ की माणूस असा बालिश प्रश्न विचारला नाही. दोघांचंही म्हणणं कागदावर घेतलं.

अर्थात कागद एकीकडे आणि पाणी एकीकडे. तोतलाडोहातली चोरटी मासेमारी आणि वनखात्याची गस्त यांच्यातली झटापट नागपूरच्या पेपरांत अधूनमधून येत राहिली आहे. पुढे २००६ साली वनहक्क कायदा आला. त्यात जंगलावर जगणाऱ्या लोकांच्या सामूहिक हक्कांमध्ये 'मासे आणि पाणवठ्यातली इतर उत्पादनं' असे शब्द आले. म्हणजे मासा हासुद्धा हक्क असू शकतो हे संसदेने लिहून ठेवलं. उद्यानाच्या गाभ्यात मात्र आजही नियम कडक आहेत. तुम्ही-आम्ही हौशी मंडळींनी तिथे गळ काढायचा विचारही करू नये. तो थेट वन्यजीव कायद्याखालचा गुन्हा.

कायदा दुसरा : ठेक्याचं पाणी

उद्यानाच्या हद्दीतून पाणी बाहेर पडलं की वाघाचा कायदा मागे राहतो आणि मत्स्यव्यवसाय खात्याचा सुरू होतो. आपल्या राज्यघटनेत मासेमारी हा राज्यांचा विषय आहे. म्हणून एकाच नदीच्या दोन काठांना दोन राज्यं असतील, तर दोन नियमावल्या असू शकतात.

इंग्रजांनी १८९७ साली जो मत्स्यव्यवसाय कायदा केला, त्यात मुख्य भर दोन गोष्टींवर होता. पाण्यात सुरुंग उडवून मासे मारायचे नाहीत आणि विष कालवून मारायचे नाहीत. शिक्षा दोन महिने कैद किंवा दोनशे रुपये दंड. तेव्हाचे दोनशे हं! आज कायदे बदलले, पण या दोन गोष्टी आजही गुन्हाच आहेत. कारण सोपं आहे. सुरुंगाला लहान-मोठा कळत नाही.

विदर्भात याला आणखी एक पदर आहे तळ्यांचा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरचा काही भाग म्हणजे मामा तलावांचा मुलूख. मामा म्हणजे माजी मालगुजारी. साडेसहा हजारांहून जास्त आहेत हे तलाव. मालगुजारी १९५० च्या कायद्याने गेली आणि तळी सरकारकडे आली. शेतकऱ्याला सिंचन मिळालं. पण ज्यांचं सगळं आयुष्य पाण्यावर, त्या ढिवर आणि भोई समाजाचं काय? त्यांच्यासाठी मच्छीमार सहकारी संस्था निघाल्या. सरकारी तलाव या संस्थांना काही वर्षांच्या ठेक्याने मिळतात.

ठेका म्हणजे नुसता मासे काढायचा अधिकार नव्हे. तळ्यात मत्स्यबीज सोडायचं बंधनही त्यात येतं. हे बीज मापाने ओळखलं जातं. आधी मत्स्यजिरे, मग अर्धबोटुकली, मग बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं. काय गोड शब्द आहे ना, बोटुकली? रोहू, कतला, मृगळ यांची बोटुकली पावसाळ्यात तळ्यात सोडायची आणि पुढच्या हंगामात काढायची. मधल्या काळात कोणी येऊन रात्री जाळं मारलं, तर त्या संस्थेच्या पन्नास-शंभर घरांचं वर्षाचं पीक गेलं.

हे कळल्यावर 'फ्री'चा मासा डोळ्यांसमोरून निघून जातो. तळ्याच्या काठी गळ टाकून बसणं हा आपला टाइमपास, पण समोरच्या पाण्यात कोणाची तरी बोटुकली वाढत असते. बहुतेक ठिकाणी संस्थेच्या माणसाला नीट विचारलं, ठरलेली फी दिली, तर मार्ग निघतो. विचारायचं मात्र आधी. पकडल्यावर नव्हे.

कायदा तिसरा : राखेचं पाणी

इथून पाणी कालव्याने कोराडीला येतं आणि पुन्हा कायदा बदलतो. आता माशाचा नव्हे, प्रदूषणाचा. योगायोग बघा. कोराडीचा पहिला संच १९७४ चा आणि देशाचा जलप्रदूषण कायदाही १९७४ चाच. दोघं एकाच वर्गातले.

कोळसा जळला की राख उरते. ती पाण्यात कालवून राखेच्या तलावात नेऊन टाकायची पद्धत. कोराडी आणि शेजारच्या खापरखेड्याच्या राखेबद्दल गावकरी वर्षानुवर्षं तक्रार करत आले आहेत. २०२१ साली मंथन अध्ययन केंद्र आणि इतर संस्थांनी या परिसरातल्या पाण्याचे नमुने तपासून अहवाल काढला. त्यात जड धातूंचं प्रमाण काही ठिकाणी मर्यादेबाहेर आढळल्याची नोंद होती. पुढच्याच वर्षी, जुलै २०२२ मध्ये, मुसळधार पावसात खसाळ्याच्या राख तलावाचा बांध फुटला आणि राखमिश्रित पाणी शेतांत नि नाल्यांत शिरलं. या भागातलं पाणी कोलार नदीतून कन्हानला जातं. नागपूरकर ज्या कन्हानचं पाणी पितात, तीच.

माशाच्या कायद्यांवर लिहिताना राख कशाला, असं वाटेल. पण विचार करा. जाळ्याचा आस केवढा हवा, मासा किती इंचांचा हवा, मोसम कुठला, हे सगळे नियम पकडणाऱ्यासाठी. पकडणारा बहुतेक वेळा छोटा माणूस. एक होडी, एक जाळं. त्याने चूक केली तर मासळी जप्त होते, दंड होतो, डोळ्यांदेखत. पाणीच बिघडलं, तर मात्र एकेका माशाची नाही, अख्ख्या पिढीची शिकार होते आणि कोणाचंच जाळं जप्त होत नाही. मासे वाचवायचे तर जाळ्यावरचा कायदा आणि राखेवरचा कायदा सारख्याच हाताने चालवायला हवेत. वीज आपल्या सगळ्यांनाच हवी. मग तिचा हिशेबही आपणच विचारायला हवा.

कायदा चौथा : समुद्राचं पाणी

कन्हान पुढे वैनगंगेला मिळते. वैनगंगा वर्धेला भेटून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते आणि गोदावरी आंध्रात बंगालच्या उपसागराला. वाटेत गोसीखुर्दपासून कितीतरी धरणं आहेत, त्यामुळे माशांना हा प्रवास आता जमत नाही. पण नकाशावर बोट फिरवलं तर आपल्या पेंचचं पाणी शेवटी पोचतं ते गोदावरीच्या मुखाशी. आणि तिथे कोण भेटतं? भेटकी! म्हणजेच जिताडा. म्हणजेच मेन्यू कार्डवरचा सी बास.

हा मासा अंडी घालतो खाडीच्या मुखाशी खाऱ्या पाण्यात आणि वाढतो नदीच्या गोड्या पाण्यात. त्याची दुसरी गंमत भन्नाट आहे. जिताडा जन्माला येतो तो बहुधा नर म्हणून. काही वर्षांनी, भरपूर मोठा झाला की, त्याची मादी होते. म्हणजे पाण्यातला सगळ्यात दांडगा जिताडा ही बहुतेकदा आजी असते! तिला मारलं तर लाखो अंडी गेली. आणि अगदी पिल्लू मारलं तर नर व्हायलाही वेळ मिळाला नाही.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याने याच कारणाने दोन्ही बाजूंनी पट्टी लावली आहे. बॅरामुंडी ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर सोडा आणि १२० सेंटिमीटरपेक्षा मोठा असेल तरीही सोडा. मधलाच घरी न्या. ब्रिटनमधला सी बास ही वेगळी जात, पण साठा घसरल्यावर तिथेही किमान माप ४२ सेंटिमीटर केलं गेलं. हौशी गळवाल्याला दिवसाला मोजकेच मासे ठेवता येतात आणि पकडलेला मासा विकता येत नाही. आमच्या टेबलावरच्या पहिल्या पठ्ठ्याने नेटवर वाचलं होतं ते हेच असणार.

आपल्याकडे काय? महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. २०२१ च्या दुरुस्तीने त्यातले दंड लाखांत गेले. यांत्रिक नौकांना पावसाळ्याच्या तोंडाशी बंदी असते. पश्चिम किनाऱ्यावर ती १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची ठरलेली आहे, पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून. मासे तेव्हा अंडी घालतात, दर्याही खवळलेला असतो. मग २०२३ मध्ये आणखी एक पाऊल पडलं. महाराष्ट्राने ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवून दिली. पापलेट १३५ मिलिमीटरच्या आत नको, बोंबील १८० च्या आत नको. त्याच वर्षी चंदेरी पापलेट राज्याचा मासा म्हणून जाहीर झाला. मानाचं पद मिळालं ते बिचाऱ्याची संख्या रोडावल्यावर!

समृद्धी महामार्ग २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला आणि समुद्र नागपूरच्या आणखी जवळ आला. बर्फातली मासळी लवकर पोचते. पण ती कुठल्या मापाची, कुठल्या महिन्यातली, हे बघायला किनाऱ्यावरचा इन्स्पेक्टर आपल्या बाजारात येत नाही. इथे इन्स्पेक्टर आपणच.

खिशात ठेवा

* मासा घेताना तीन प्रश्न. कुठल्या पाण्यातला? पाळलेला की पकडलेला? कधीचा? विकणाऱ्याला राग येत नाही. उलट जाणकार गिऱ्हाईक म्हणून चांगला पीस मिळतो.
* तळहाताएवढं पापलेट 'स्वस्तात' मिळत असेल तर थांबा. वीतभर मोजा. चिंगुळ्या पापलेटच्या ढिगात पुढच्या वर्षीचा समुद्र असतो.
* थाई मांगूर घेऊ नका. या परदेशी मांगुराच्या शेतीवर केंद्राने २००० सालीच बंदी घातली. तो देशी मासे फस्त करतो आणि अनेकदा कत्तलखान्याच्या घाणीवर पोसलेला असतो. देशी मांगूर मात्र आपलाच, तो खुशाल खा. दुकानात अवाढव्य, काळपट-ठिपकेदार मांगूर दिसला तर जरा विचारपूस करा.
* रॉड घेऊन निघण्याआधी पाण्याचा धनी कोण ते विचारा. संस्था, ग्रामपंचायत, पाटबंधारे, कंपनी की वनखातं. वनखातं असेल तर बेत बदला.
* हॉटेलात 'सी बास' मागवताना बासा नाही ना, ते आधी. पाळलेला जिताडा असेल तर मनात किंतू न ठेवता खा. पावसाळी बंदीच्या दिवसांत कोणी 'आजच समुद्रातून आला' म्हणून फुशारकी मारत असेल, तर हसा आणि दालफ्राय मागवा.

नियम म्हटलं की आपल्याला वाटतं, कोणीतरी आपली मजा घालवतंय. पण तोतलाडोहातला माणूस ओळखपत्र दाखवून जाळं टाकायचा, ढिवराची संस्था बोटुकली सोडून वर्षभर वाट बघते, सातपाटीचा कोळी दोन महिने होडी वर काढून ठेवतो. आपल्या वाट्याला नियम येतो तो एवढाच, की घेण्याआधी विचारायचं. त्याला ना परवाना लागतो, ना फी. येत्या रविवारी बाजारात पिशवी पुढे करण्याआधी म्हणून बघा, "भाऊ, कुठल्या पाण्यातला?"